बर्फाच्या आदल्या दिवशी

बर्फ बघायला कधी जावं, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं: बर्फ पडायच्या आदल्या दिवशी. ऐकणाऱ्याला हा चावटपणा वाटतो. पण मी ज्या देशात संसार केला तिथे याहून खरं उत्तर नाही.

नवऱ्याच्या प्लांटवर एक ऑस्ट्रियन साहेब होता. त्याच्या गावी डोंगरावर स्कीइंग चालतं. डिसेंबरात बर्फ धरायला लागतो, फेब्रुवारीत सगळ्यात चांगला असतो, मार्चमध्ये दुपारी भुसभुशीत होतो म्हणून घसरायचं ते सकाळी, हे सगळं तो आपल्याकडे हापूसचा हंगाम सांगतात तसं सांगायचा. सौदीच्या वायव्य टोकाला, तबूकच्या पलीकडे, लौजच्या डोंगरावरही बर्फ पडतो. पण त्याला हंगाम नाही, लहर आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीतरी समुद्राकडची ओल आणि उत्तरेकडचा गारठा एकाच वेळी त्या डोंगरावर पोचले तर पडतो. नुसती ओल आली तर पाऊस, नुसता गारठा आला तर वारा. पडतो तोही बहुतेक वेळा पहाटे, आणि ऊन चढलं की दुपारपर्यंत निघून जातो. बातमी ऐकून निघालेल्याला चिखल बघायला मिळतो.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही राबिघला राहायचो. रिफायनरीचं गाव, समुद्रकाठ, अंगाला बाराही महिने चिकचिक. नवरा शिफ्टला आणि मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर मला हवामानाचे नकाशे बघायचा नाद लागला. नवरा म्हणायचा, "आमच्या घरात वेधशाळा आहे, फक्त जेवण कधी होईल त्याचा अंदाज मिळत नाही."

त्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, बायपास झालेली, आणि स्वभाव बायपासच्या आधी होता तोच. रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. मच्छीमारांच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या ते करायचे. कॉम्प्रेसरच्या धडधडीने कान अर्धे गेलेले, आणि गार लाद्या हाताळून बोटं कायमची आखडलेली. त्यांना कुठे फिरायला जायची हौस नव्हती. जेद्दाला नेलं तर शराफियाच्या बाजारातल्या गर्दीत ते म्हणाले, "हे बघायला इतक्या लांब कशाला? आपला बाजार काय वाईट हाय?" पण मी सहज लौजच्या बर्फाचा व्हिडिओ दाखवला, तर मोबाइल हातातून सोडेनात.

"जल्मभर बर्फ केला," ते म्हणाले, "पण पडताना कधी बघितला नाय. माणसानं न केलेला बर्फ एकदा बघायला पायजे."

त्या दिवसापासून माझ्या नकाशांना गिऱ्हाईक मिळालं. रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "काय गो, येतोय का?" आणि मी रोज नाही म्हणायचे. खरं सांगायचं तर मला भीतीच वाटत होती. थोरल्या दिरांनी त्यांना विमानात बसवताना फोनवर मला बजावलं होतं, "जसे पाठवतोय तसे परत पाठव." जेद्दाच्या डॉक्टरने उंचावर न्यायला हरकत घेतली नव्हती, पण दमवू नका, थंडीत भिजू देऊ नका आणि जिभेखाली ठेवायची गोळी कायम हाताशी असू द्या, असं सांगितलं होतं. ती गोळी मी माझ्या पर्समध्येच ठेवायचे. त्यांच्या खिशात ठेवली की शर्टाबरोबर धुतली जायची.

त्यांचा व्हिसा संपायला आठवडा राहिला आणि नकाशावर ओल आणि गारठा एकमेकांकडे सरकायला लागले. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "येतोय" असं निघून गेलं.

नवऱ्याने सुट्टी टाकली. आम्ही आदल्या दिवशीच निघालो, समुद्राच्या कडेकडेने दिवसभर वर जात राहिलो. मी नवऱ्याशेजारी पुढे, बाबा, म्हणजे सासरे, मागे. दुपारी वारा सुटला आणि रस्त्यावर रेतीचे लोट यायला लागले. समोरचा ट्रक दिसेना.

"हळू हाक," मागून बाबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हळू हाक रे."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर नवऱ्याचा तोल गेला. "वीस वर्षं इथे गाडी चालवतोय. मला कुठे हौस होती? गावात कारखान्यात जागा होती की माझ्यासाठी. तुम्हीच मालकाला नको म्हणून सांगितलंत आणि मला विमानात बसवलंत."

हे गाऱ्हाणं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, पण बापाच्या तोंडावर त्याने ते पहिल्यांदाच काढलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ऐकू आलं नसेल अशी मी माझी समजूत घातली. रात्री तबूकला पोचलो.

पहाटे हॉटेलातून निघालो तेव्हा पाऊस पडत होता. डोंगराकडे जाणारा रस्ता उघडाबोडका, दोन्ही बाजूंना काळे खडक. मी मोबाइलवर बघत होते, वर बर्फ सुरू झाला होता. जसजसं उजाडलं तसा पाऊस थांबला, ढग फाटले, आणि एका वळणानंतर तो डोंगर समोर आला. वरचा अर्धा भाग पांढरा. बाबा पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून बघत होते. त्यांचा श्वास माझ्या खांद्यावर लागत होता.

"तो?" त्यांनी विचारलं.

"तोच."

आता घाई होती. ऊन पडलं म्हणजे बर्फाचं आयुष्य मोजकं, हे मीच घोकून ठेवलेलं. आणि नेमकी तिथेच वादी आडवी आली. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर नुसते गोटे, पाऊस झाला की पाणी. रस्ता त्या पात्रात उतरून पलीकडे चढत होता. आपल्याकडे ओढ्यावर असते तशी सिमेंटची फरशी होती, चांगली लांबलचक, कडेला तांबडे-पांढरे खांब. फरशीवरून पाणी वाहत होतं. फार नाही, घोटाभर.

नवऱ्याने गाडी थांबवली.

"थांबू या," मी म्हटलं. "पाण्यात गाडी घालायला इथे बंदी आहे. दंडही करतात आणि गाड्या वाहूनही जातात."

"एवढ्याशा पाण्यात?" बाबा म्हणाले. "अगो, असल्या पाण्यात आमची पोरं मासे धरतात. पाऊस थांबला ना? मग आता उतरणार ते. चढायचं काय कारण?"

कोकणातल्या माणसाला पाण्याबद्दल शिकवायला जाऊ नये. त्याला वाटतं, पाणी ही आपल्या घरची गोष्ट. आमच्या पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, हिशोब सोपा असतो, डोक्यावर पाऊस आहे तोवर पऱ्या फुगतो, पाऊस सरला की तासाभरात ओसरतो. मीही तिथलीच, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नव्हतं. नवरा फरशीकडे बघत होता. आदल्या दिवशी बोलून गेला होता, आता बापाचा शब्द मोडायची त्याची तयारी नव्हती.

"मी पुढं चालतो," बाबा म्हणाले, "तू मागनं घाल."

आमच्याकडे पावसाळ्यात गाडी पाण्यात घालायची तर आधी घरातला थोरला माणूस काठी घेऊन उतरतो. काठीने तळ चाचपत तो पुढे चालतो आणि त्याने जिथे पाय ठेवला तिथून मागची गाडी येते. पूर्वी बैलगाडीपुढे चालायचे, आता जीपपुढे चालतात. त्यात कोणी विचारत बसत नाही, थोरल्याचा मानच तो. मी पट्टा सोडून दार उघडेपर्यंत बाबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, चपला गाडीत काढल्या होत्या आणि काठीच्या जागी छत्री घेऊन ते पाण्यात उतरलेही होते. सौदीला येताना छत्री आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांचं जाकीट मागच्या सीटवर तसंच पडलं होतं.

"बाबा, पाणी गार आहे! परत या!" मी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. छत्रीचं टोक आपटत ते निघाले.

तेवढ्यात पलीकडच्या चढावर डोंगराकडून एक पिकअप आली. मोठी चाकं, उंच गाडी, मागे सामानाचा उघडा हौद. ती पाण्यापाशी येऊन थांबली. मला वाटलं आता सरळ घालेल, पण घातली नाही. लांब जाड कोट घातलेला एक सौदी माणूस खाली उतरला, पाण्याकडे न बघता वर डोंगराच्या बाजूला बघायला लागला, आणि मग त्याने गाडीत हात घालून हॉर्न दाबला तो सोडेचना.

ज्याचा देश, ज्याची वादी, तो एवढी गाडी असून घोटाभर पाण्याला थांबला होता.

"अहो, बाबांना बोलवा. लवकर."

नवरा पाण्याच्या कडेला धावला. बाबा मध्यापलीकडे गेले होते. हॉर्न आपल्यासाठी आहे हे त्यांना कळलं, पण त्यांनी अर्थ निराळाच लावला. पलीकडचा गाडीवाला वाट दाखवल्याबद्दल खूश आहे असं समजून त्यांनी छत्री उंच केली.

मग मला पाण्यावर काटक्या दिसल्या. आधी काटक्या, मग प्लास्टिकच्या बाटल्या, मग अख्खं एक झुडूप. पाण्याचा रंग बदलला. वरच्या वळणामागून आवाज यायला लागला, डंपर खडी ओततो तसा, पण थांबत नव्हता. आमच्या डोक्यावर स्वच्छ निळं आभाळ होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की इथलं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाचं नसतंच. जिथे बर्फ पडत होता त्याच्या खाली रात्रभर पाऊस पडला होता, आणि ते पाणी आत्ता कुठे इथवर येत होतं.

"बाबा, मागे या! मागे फिरा!" नवरा जीव तोडून ओरडत होता. बाबा थांबले. वळले. आमच्याकडे बघायला लागले.

मी बघितलं, ते जिथे उभे होते तिथून आमची बाजू लांब होती. पलीकडची जवळ होती. मागे आले तर पोचणार नव्हते.

"नाही!" मी ओरडले. "पुढे! पुढे जा! बाबा, पुढे पळा!"

नवऱ्याने माझा दंड धरला. "वेडी झालीस का? मागे या, बाबा!"

"पुढे!"

दोन हाकांच्या मध्ये ते उभे होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्यांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आमच्याकडे पाठ केली. छत्री टाकून, आखडलेले हात पुढे करून, ते त्या परक्या माणसाच्या दिशेने धडपडत निघाले. तोही गुडघाभर पाण्यात आला होता. त्याने बाबांना काखेत धरून ओढलं. दोघं चढावर पडले, आणि त्यांच्या मागून तपकिरी पाणी आलं. तांबडे-पांढरे खांब बुडाले. फरशी कुठे होती तेही दिसेना.

मी रस्त्यावर बसकण मारली. वाचले, एवढं एकच डोक्यात. पण ते तेवढ्यापुरतंच. मग आठवलं, की गोळी माझ्या पर्समध्ये आहे. पासपोर्ट माझ्याकडे, फोन त्यांच्याकडे नाही, जाकीट गाडीत, पाय भिजलेले, छाती चिरलेला माणूस, आणि तिथल्या भाषेचं अक्षर येत नाही. मी गोळ्यांची पट्टी काढून हात वर करून दाखवायला लागले. "दवा! कल्ब! कल्ब!" कल्ब म्हणजे हृदय, कामापुरतं अरबी मला येत होतं. पाण्याच्या गर्जनेत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या माणसाने हात हलवला, अंगातला कोट काढून बाबांना घातला, त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी वळवली. वळवली ती डोंगराच्या दिशेने. बघता बघता ती वळणाआड गेली.

नवऱ्याने सिव्हिल डिफेन्सला फोन लावला. त्याचं अरबी प्लांटवरचं, "यल्ला" आणि "खलास"च्या पुढे जाईना. फोन मी घेतला. फोनवरचा माणूस धीराने म्हणाला, वादीपासून लांब थांबा, पाण्यात उतरू नका, आमची गाडी निघाली आहे. पण तीही याच बाजूने येणार होती. पाण्यापलीकडे न्यायला तिलाही पूल नव्हता.

मग आमचं भांडण झालं. भीती एवढी होती की ती कुठेतरी काढायलाच हवी होती.

"मागे आले असते तर आत्ता इथे असते," तो म्हणाला.

"मागे आले असते तर कुठेच नसते."

"आता कुठे आहेत? सांग ना. तुझ्या नकाशात दिसताहेत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो रडत होता. लग्नानंतर त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

दुपारकडे लौजवर पुन्हा ढग आले. आधी माथा गेला, मग खांदे, मग सगळा डोंगरच गेला. वर काय चाललंय ते मला नकाशा न बघता कळत होतं. एरवी मी नाचले असते. आता मला त्या बर्फाचा राग आला, अगदी माणसाचा येतो तसा. बाबांची छाती, ओले पाय आणि वर हा बर्फ. दिरांना फोन कसा करायचा याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले, आणि पहिल्या वाक्यापुढे मला जाता येईना. सिव्हिल डिफेन्सची गाडी आली, त्यांनी रस्त्यावर आडवे खांब लावले, आम्हाला पाणी दिलं आणि वायरलेसवर बोलत राहिले.

ऊन कलल्यावर खांबांची टोकं दिसायला लागली. मग अर्धे खांब. मग चिखलाने माखलेली फरशी. आणि तेव्हा वळणावर ती पिकअप दिसली. सिव्हिल डिफेन्सच्या माणसाने हात केल्यावर ती सावकाश पाण्यातून आली. मागच्या हौदात काठोकाठ बर्फ भरलेला. तिथले लोक बर्फ पडला की असाच भरून खाली घरच्यांना दाखवायला नेतात. आणि पुढे, मेंढीच्या लोकरीच्या कोटात नुसतं नाक दिसेल असे, बाबा.

मी दार उघडलं आणि काही न बोलता त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी बरी होती. मग माझा बांध फुटला. "कळतं का तुम्हाला काही? कोणाला विचारून पाण्यात उतरलात? गोळी नाही, जाकीट नाही..." मी बोलतच सुटले. त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं, आणि हात पुढे केला. मी त्यावर दुपारच्या गोळ्या ठेवल्या. मग त्यांनी कोटाच्या आतून खजुराचा एक मोठा प्लास्टिकचा डबा काढून माझ्याकडे दिला.

"तुज्यासाठी. लोकरीत गुंडाळून आणला, नायतर राहिला नसता."

डबा बर्फाने दाबून भरलेला होता. पिकअपवाला मला सांगत होता, वर त्यांचा तंबू आहे, आई आहे, शेकोटी होती, म्हाताऱ्याचे पाय ओले होते म्हणून सरळ तिकडे नेलं. त्या बाजूला तेवढं एकच कोरडं ठिकाण होतं. नवऱ्याने त्याला मिठी मारली. "शुक्रन" एवढा एकच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"पडताना बघितलात?" मी विचारलं.

"होय तर. तंबूच्या दारात बसून. त्याला आवाज नसतो गो. मला आधी वाटलं, माजे कानच गेले पुरते. कारखान्यात एक लादी करायची तर किती धडधड. आणि हा आपला गुपचूप पडतोय."

पिकअप निघून गेली. कोट त्याने परत घेतला नाही. आम्ही तिघं रस्त्यावर उभे होतो. मला राहवलं नाही.

"एरवी माझा एक शब्द ऐकत नाही तुम्ही. आज मी 'पुढे' म्हटल्यावर कसे गेलात? हे तर मागे बोलवत होते."

"मागे ये, असं कोण पण म्हणतं," बाबा म्हणाले. "माणूस घाबरला की तेच म्हणतो. तू पुढं जा म्हणालीस, तेव्हा समजलो, कायतरी मोठं येतंय. आपल्या माणसाला आपल्यापासनं लांब जा, असं उगाच कोण सांगत नाय."

मग नवऱ्याकडे न बघता, त्या चिखलाच्या फरशीकडे बघत ते म्हणाले, "कारखाना बंद पडणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. कोणाला बोलायची सोय नव्हती."

नवरा गाडीची चावी हातात धरून उभा होता. त्याने पुढचं दार उघडलं, माझी सीट मागे सरकवली, आणि बापाला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवलं. खाली वाकून त्यांच्या पायात चपला घातल्या.

तबूकपर्यंत मी मागे बसले, डबा मांडीवर घेऊन. पुढे बाबा मधूनमधून "हळू हाक" म्हणत होते आणि नवरा दर वेळी "हो बाबा" म्हणत होता.